शब्द कळत नाहीत, आणि आपण वॅट मोजतोय

पत्र थोडक्यात असं: सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे एक वाचक. वय चाळिशीच्या आसपास. घरी पत्नी, दुसरीतली मुलगी आणि पंच्याहत्तरीचे वडील. हॉल १० बाय १६ फुटांचा, उंची साडेनऊ फूट, फरशी व्हिट्रिफाइड. एका बाजूला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारा मोकळा भाग, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. बारा वर्षांपूर्वी घेतलेला डबाबंद ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) आता खरखरतो, म्हणून दीड लाख रुपये बाजूला काढलेत. एका दुकानात त्यांना ७.१.४ चा (भोवती सात स्पीकर, एक सबवूफर आणि छतात चार) डेमो ऐकवला आणि तशी यादीही करून दिली, तेव्हापासून झोप उडालीय. घरात मात्र रोजची कुस्ती चालू आहे. संवाद कळत नाहीत म्हणून बाबा आवाज वाढवतात, मारामारी सुरू झाली की पत्नी रिमोट ओढून कमी करते, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा लिहिलंय. पत्नीचं म्हणणं, साउंडबार घ्या आणि विषय संपवा. वाचकाचे प्रश्न: “रिसीव्हर ७ चॅनलचा घ्यावा की ९? टॉवर की बुकशेल्फ? दुकानदार म्हणतो निदान १५० वॅट हवेत, नाहीतर पॉवर कमी पडेल, ते खरं का? आणि बाबांनी १९८६ साली घेतलेली स्पीकरची जोडी माळ्यावर पडून आहे, ती भंगारात देऊ का? बाबांना काय, बातम्या आणि नाट्यसंगीत एवढंच लागतं.”

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न वाचले, दुसऱ्यांदा तक्रारी. प्रश्न चार आहेत आणि चारही यंत्रांचे. तक्रारी तीन आहेत आणि तिन्ही माणसांच्या. बाबांना शब्द कळत नाहीत, पत्नीला अचानक येणारा धडाका सोसत नाही, काकूंच्या छतातून धमधम उतरते. ‘आवाज कमी पडतो’ ही तक्रार पत्रात घरातल्या एकाचीही नाही. ती फक्त दुकानदाराची आहे, आणि तो तुमच्या हॉलमध्ये कधी बसलेला नाही.

तरी आधी त्याच्या १५० वॅटचा निकाल लावू, म्हणजे डोकं मोकळं होईल. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डर घेतलेल्यांना खोक्यावरचं ‘१००० वॅट पीएमपीओ’ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) आठवत असेल. आतला स्पीकर तळहाताएवढा. ती अक्षरं गेली, खोड राहिली. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळ्या स्पीकरना ताकद देणाऱ्या यंत्राच्या, माहितीपत्रकात आजही बहुधा दोन आकडे असतात. ठळक टायपातला आकडा ६ ओहमवर (ओहम हे स्पीकरच्या विद्युतरोधाचं माप), १ किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर, एकच चॅनल चालू ठेवून आणि १० टक्के विकृती चालवून घेऊन काढलेला असतो. बारीक टायपातला ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, दोन चॅनल चालू ठेवून, ०.०८ टक्क्यांसारख्या किरकोळ विकृतीवर. वाचायचा तो हा. पहिला दीडशे असेल तर दुसरा बऱ्याचदा ७५-८० च्या घरात निघतो. म्हणजे दुकानदार आणि मी कदाचित एकाच यंत्राबद्दल बोलत असू, फक्त तो पुढून वाचतोय आणि मी मागून.

आता ८० वॅट तुम्हाला पुरतील का? स्पीकरच्या पत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेली असते. ती ८८ डेसिबल धरा. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८ डेसिबल. तुमचा सोफा ३ मीटरवर असेल, तिथे पोचेपर्यंत आठ-नऊ डेसिबल गळतात. उरले ८० च्या आसपास, तेही अवघ्या एका वॅटमध्ये. आपण समोरासमोर बसून गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० असतो. तेव्हा बातम्या आणि मालिका तुम्ही आजही एका वॅटच्या आतच ऐकताय. बाकीचे वॅट क्षणभराच्या स्फोटांसाठी राखीव. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला ‘दुप्पट मोठं’ वाटायला ते दहापट करावे लागतात. ८० ऐवजी १०० वॅटचा रिसीव्हर घेतलात तर पदरात पडतो १ डेसिबल. उलट ८५ ऐवजी ८८ डेसिबलचे स्पीकर निवडलेत, तर त्याच रिसीव्हरचे वॅट दुप्पट झाल्यासारखे होतात. ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.

त्या ७.१.४ च्या यादीचंही तसंच. ७ आणि ४ मिळून ११ होतात. ९ चॅनलच्या रिसीव्हरला ११ स्पीकर एकट्याने चालवता येत नाहीत, वर दोन चॅनलचा वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. तो यादीत आहे का बघा. नसेल, तर यादी करणाऱ्याने तुमचा हॉल तर सोडाच, बेरीजही पाहिलेली नाही. शिवाय सात चॅनलमधले शेवटचे दोन बसणाऱ्याच्या पाठीमागे लागतात, आणि तुमच्या पाठीमागे भिंत आहे. छतात चार स्पीकर बसवायचे तर वर स्लॅब, म्हणून पीओपीचं फॉल्स सीलिंग, म्हणून साडेनऊतला अर्धा फूट गेला, म्हणून पंख्याचा रॉड बदला. दीड लाखातले किती उरले? डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे छतातूनही आवाज आणणारी ही चीज, वाईट नाही. २०१२ मध्ये थिएटरात आली, २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये मिळू लागली, आणि योग्य खोलीत खरंच अंगावर पाऊस पाडते. पण तुम्ही डेमो ऐकलात ती खोली गालिचा घातलेली, जाड पडद्यांची, चारी भिंतींपासून लांब मधोमध एकच खुर्ची मांडलेली. त्या खोलीत कुकर लागत नाही.

आता बाबांकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या खरेदीचा धागा तिथे आहे.

“बाबांना काय” या तुमच्या दोन शब्दांवर मी थोडा थांबलो. तुमच्या मनात असं असावं की बातम्या आणि नाट्यसंगीत म्हणजे साधं ऐकणं, त्याला कुठलाही स्पीकर चालतो, आणि खरी परीक्षा मारधाडीच्या सिनेमाची. माझा अनुभव उलटा आहे. स्फोट कुठल्याही डब्यात मोठा वाटतो. माणसाचा आवाज मात्र आपण जन्मापासून ऐकत आलोय, त्यात केसभर फरक पडला तरी कान पकडतो. आणि वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते सगळीकडून सारखं होत नाही, आधी वरच्या पट्टीतलं जातं. स, श, त, क, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. म्हणून ‘आवाज येतो पण काय म्हणाला ते कळत नाही’ असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात तेव्हा ते अगदी अचूक बोलत असतात. अशा वेळी आवाज वाढवला की खालची घरघरही वाढते आणि ती व्यंजनांवर बसते. मग आणखी वाढवा. तुमच्या रिमोटच्या कुस्तीचं मूळ हे आहे. म्हणून कुठल्याही दुकानात जायच्या आधी बाबांची श्रवणचाचणी करून घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासाचं काम. श्रवणयंत्राची गरज निघाली, तर ते या सगळ्या यादीतलं पहिलं ‘अपग्रेड’ समजा, आणि दीड लाखातून ते आधी वजा करा. कानात मळ निघाला तर त्याहून स्वस्तात सुटलात.

दुसरी गोष्ट आज रात्रीच करा, पैसे लागत नाहीत. ५.१ च्या आवाजात जवळजवळ सगळे संवाद एकट्या सेंटर स्पीकरमधून, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तुमचा सेंटर कुठे आहे ते पत्रात नाही, पण मी पैज लावतो. सुताराने टीव्ही युनिटमध्ये खास त्याच्यासाठी खण केलाय, आणि तो खणात आत, गुडघ्याच्या उंचीवर, भिंतीला टेकून बसलाय. पुण्यातल्या दहापैकी आठ घरांत मी हेच बघितलंय. खणात कोंडलेला माणूस बोलला तर आवाज जसा घुमेल तसाच तो स्पीकर घुमतो, आणि शब्द जातात तुमच्या गुडघ्यांकडे. त्याला खणाच्या काठापर्यंत पुढे ओढा, पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा सरकवून तोंड किंचित वर करा, कानाकडे. मग सेटिंगमध्ये फक्त सेंटरचा आवाज ३ डेसिबल वाढवा, सबवूफर चक्क बंद करा आणि बाबांना बातम्या लावून द्या. बातम्या स्टिरिओत येतात, तेव्हा रिसीव्हर नुसत्या ‘स्टिरिओ’वर असेल तर सेंटर गप्पच बसतो. ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रोलॉजिक’ अशा नावाची सोय असते, ती लावली की आवाज मधल्या स्पीकरकडे येतो. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करून बघा. कितीतरी घरांत पाच स्पीकर असून वर्षानुवर्षं दोनच वाजत असतात, आणि मालक नवीन रिसीव्हरच्या शोधात असतो.

आणि पंखा. पाचवर फिरणारा पंखा आणि उघडी बाल्कनी यांच्याशी भांडून कुठल्याही कंपनीचा सेंटर जिंकत नाही. उन्हाळ्यात पंखा बंद करा म्हणणार नाही, पण प्रयोग करताना पाच मिनिटं बंद करून फरक ऐका, म्हणजे दोष कोणाला द्यायचा ते कळेल.

हे करून बाबा म्हणाले, “हां, आता कळतंय,” तर तुमची अर्धी खरेदी वाचली. नाही म्हणाले, तर निदान काय घ्यायचं ते कळलं.

काकूंची धमधम हा वेगळा विषय आहे, आणि त्याला वॅटपेक्षा तुमच्या भिंती जास्त जबाबदार आहेत. प्रत्येक खोलीला तिच्या मापाचे काही सूर लाडके असतात, त्या सुरांवर ती घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागलं की पहिला लाडका सूर मिळतो. तुमच्या १६ फुटांचा, म्हणजे ४.९ मीटरचा, सूर निघतो ३५ हर्ट्झ. १० फुटांचा ५६. साडेनऊ फूट उंचीचा ५९. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक आलेत, त्यामुळे ५५ ते ६० च्या दरम्यान तुमचा हॉल नगाऱ्यासारखा वाजणार. त्यात सोफा भिंतीला टेकलेला, आणि भिंतीशी खर्ज नेहमी फुगतो. म्हणून सोफा फूटभर, नाहीतर नऊ इंच तरी पुढे घ्या.

सबवूफरची जागा शोधायची एक जुनी रीत आहे, दिसायला हास्यास्पद पण खात्रीची. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. खर्ज भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज गोळीबंद आणि स्वच्छ ऐकू येईल, तिथे खूण करा आणि सबवूफर तिथे नेऊन ठेवा. तुमच्या मुलीला हा कार्यक्रम फार आवडेल. कोपऱ्यात ठेवला की आवाज मोठा होतो म्हणून दुकानाचा माणूस येऊन तो कोपऱ्यात खुपसून जातो. मोठा होतो हे खरं, पण तो काकूंकडेही मोठाच जातो. त्याच्याखाली फोमचा पाट घालायचा सल्ला मिळेल. त्याने फरशीची थरथर थोडी कमी होते, हवेतून स्लॅबपार जाणारा खर्ज थांबत नाही. तेव्हा एकदा नेहमीच्या आवाजात सिनेमा लावून, काकूंना विचारून, त्यांच्याकडे चहाला जा. छताकडे कान देऊन दहा मिनिटं बसा. फोनवरून पत्नीला सबवूफरचा आवाज एकेक पायरी कमी करायला सांगा, आणि काकू “आता काही नाही” म्हणतील तो आकडा लिहून ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. पण ग्रुपवरच्या भांडणात नियमापेक्षा तो चहा जास्त उपयोगी पडतो.

पत्नीच्या साउंडबारकडे तुम्ही पत्रात जरा तुच्छतेने बघताय. मी बघणार नाही. तुम्ही भाड्याच्या घरात असता, दोन वर्षांत बदलणार असता किंवा बजेट चाळीस हजारांचं असतं, तर मी तिचीच बाजू घेतली असती. वेगळा सेंटर असलेला साउंडबार तुमच्या आजच्या खरखरणाऱ्या संचापेक्षा शब्द चांगले देईल. त्याची अडचण दोन ठिकाणी आहे. एक, बाबांचं नाट्यसंगीत. तीन-चार इंची स्पीकरांच्या पट्टीतून ऑर्गन आणि तबला येतात, पण अंग येत नाही. दोन, साउंडबारमधलं एक काही बिघडलं की बऱ्याचदा सगळाच काढावा लागतो. मात्र तिच्या म्हणण्याचा गाभा घ्या. तिला एकच रिमोट हवाय आणि जमिनीवर वायरी नकोत. तुम्ही काहीही घेतलंत तरी या दोन अटी पाळा, नाहीतर दीड लाखाची वस्तू तुमच्या एकट्याचीच राहील.

मग घ्यायचं काय? पुढे तीन स्पीकर, डावा, उजवा आणि सेंटर. तिघे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले, म्हणजे डावीकडून उजवीकडे चालत गेलेल्या पात्राचा आवाज मध्येच बदलत नाही. आणि एक सबवूफर. मागचे दोन सहा महिन्यांनी. १० फूट रुंदीच्या हॉलमध्ये टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घेऊ नका. सबवूफर असताना टॉवरच्या खर्जाचे पैसे दोनदा मोजल्यासारखं होतं, आणि तो भिंतीला खेटून ठेवावा लागला की ढुमढुमतो. पाच-साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे स्पीकर, त्यांचा ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर, बसणाऱ्यापासून मध्यरेषेच्या दोन्हीकडे ३०-३० अंशांवर. रिसीव्हरमध्ये तिघांनाही ‘स्मॉल’ करा, ८० हर्ट्झखालचं सबवूफरकडे द्या. ‘स्मॉल’ या शब्दाने अपमान वाटून घेऊ नका, कितीतरी लोक तेवढ्यासाठी ‘लार्ज’ ठेवतात.

दीड लाखाची माझी वाटणी अशी: पुढच्या तिघांना साठ हजार, सबवूफरला तीस, रिसीव्हरला पंचेचाळीस-पन्नास, उरलेले वायर, स्टँड आणि एका जाड गालिच्याला. गालिचा गमतीने लिहिलेला नाही. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्र’ अशी शेपटी ऐकू आली तर ती फरशी आणि उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज टोलवताहेत, आणि प्रत्येक शब्दाला तीच शेपटी चिकटतेय. गालिचा, काचेच्या दाराला जाड पडदा आणि पुस्तकांचं एखादं कपाट यांनी शब्द जितके स्वच्छ होतील, तितके वीस हजार जास्तीच्या रिसीव्हरने होणार नाहीत. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. स्वस्त वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

रिसीव्हरवर सगळ्यात जास्त का नाही? कारण तोच सगळ्यात लवकर म्हातारा होतो. एचडीएमआय २.० आलं २०१३ मध्ये, २.१ आलं २०१७ मध्ये, आणि दर वेळी चांगल्या चाललेल्या यंत्रांचे मालक अस्वस्थ झाले. चांगला स्पीकर वीस वर्षं तसाच वाजतो. रिसीव्हरमध्ये तुम्हाला हवंय ते इतकंच: ईएआरसी, म्हणजे टीव्हीतल्या ॲपचा आवाज एका केबलने आणि टीव्हीच्याच रिमोटने येईल (पत्नीची अट इथे सुटते), माइक लावून खोली मोजण्याची सोय, आणि रात्रीसाठी आवाजातले चढउतार दाबणारी सोय. शेवटची प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने देते, पण तिच्यामुळे कुजबुज वर येते आणि धडाका खाली बसतो. दहानंतर ती लावाच. माइकने मोजणी करताना तो सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, तिपाईवर कानाच्या उंचीला ठेवा, आणि कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर मोजा. सुताराला सांगा, रिसीव्हरच्या वर चार इंच जागा मोकळी आणि खणाची पाठ उघडी. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणाऱ्या पुण्यात काचेच्या दारामागे बंद केलेला रिसीव्हर स्वतःच बंद पडतो आणि लोक कंपनीला फोन लावतात.

७ की ९, याचं उत्तर अजून दिलं नाही. ७ घ्या, पण छतासाठी नको. पाच हॉलमध्ये, आणि उरलेले दोन बाबांच्या खोलीत. ७ चॅनलच्या बऱ्याच रिसीव्हरना ‘झोन २’ असतो. हॉलमध्ये तुमचा सिनेमा चालू असताना त्यांच्या खोलीत दुसरंच काहीतरी वाजवता येतं, वेगळ्या आवाजात. घेण्यापूर्वी दुकानात एक गोष्ट लावून दाखवायला सांगा. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये झोन २ ला नेटवर्कवरचं संगीत किंवा मागच्या लाल-पांढऱ्या पिनेवरचा आवाज जातो, एचडीएमआयमधून आलेला जात नाही. नाट्यसंगीताला हे पुरतं, टीव्हीच्या बातम्यांना पुरणार नाही. आणि हे सगळं ठरवण्याआधी बाबांना विचारा. कदाचित त्यांना स्वतःच्या खोलीत एकटं ऐकायचंच नसेल. तुम्हा सगळ्यांबरोबर हॉलमध्ये बसायचंय म्हणूनच ते न कळणारे संवाद ऐकत बसत असतील.

दुकानात जाताना त्यांना बरोबर न्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत वायर, प्लग, स्टँड सगळं मिळेल, पण स्पीकर जिथे बसून ऐकू देतील तिथेच घ्या. दुकानाचा डेमो लावू देऊ नका, त्यात काचा फुटतात आणि हेलिकॉप्टर फिरतं. तुमच्या फोनमधून एक बातमीपत्र न्या आणि बाबांना पाठ असलेलं एक पद. एखादं पुरुष गायकाचं काळी एकमधलं गाणंही ठेवा, तंबोरा स्वच्छ ऐकू येणारं. त्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. तो ८० च्या खाली, म्हणजे सबवूफरच्या वाट्याला येतो. खर्जाची तार आणि मधल्या जोडीच्या तारा एकाच तंबोऱ्याच्या वाटल्या, तर सबवूफरची जुळणी बरोबर. खर्ज खोलीच्या कोपऱ्यातून वेगळाच आला, तर पुढचा सबवूफर ऐका. दोन स्पीकरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो, आणि विकायचा असतो तोच किंचित मोठा लावलेला असतो.

जुन्या डबाबंद संचाचे छोटे स्पीकर मागे वापरावेत असं मनात आलं तर आधी त्यांची पाठ वाचा. अशा संचांवर बऱ्याचदा ३ ओहम लिहिलेलं असतं. नव्या रिसीव्हरला ते जड जातात. ते नकोत.

राहिली माळ्यावरची जोडी. भंगारात अजिबात देऊ नका, निदान बघितल्याशिवाय नको. खाली काढताना दोघांनी धरा, जाळीवर बोट दाबू नका. टॉर्च मारून कोनाच्या (स्पीकरच्या पुढच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) कडेची पट्टी बघा. फोमची असेल तर इतक्या पावसाळ्यांनी तिचा भुगा झाला असणार, वाजवायला गेलात तर कोन फाटेल. ती पट्टी बदलून मिळते, पेठांत अजून हे काम करणारी माणसं आहेत. कापडी किंवा रबरी असेल तर बहुतेक शाबूत निघेल. पाठीवर ८ ओहम लिहिलं असेल तर झोन २ साठी ही जोडी उत्तम.

मात्र जोडण्याआधी धन-ऋण तपासा. मी माझ्या घरी रंगकामाच्या आधी भिंतीतून वायरी ओढल्या, खुणेच्या चिठ्ठ्या रंगाऱ्याने काढून टाकल्या, आणि पुढची दोन वर्षं माझा एक स्पीकर उलटा जोडलेला होता. गायक समोर न बसता हवेत तरंगायचा, खर्ज गायब, आणि मी ॲम्प्लिफायरला शिव्या देत होतो. नवीन ॲम्प्लिफायरची चौकशीही करून आलो होतो. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, त्याची दोन टोकं स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन. आत गेला तर उलट. जुन्या स्पीकरांवर लाल-काळी खूण पुसलेली असते, म्हणून हे करावंच लागतं. करताना बाबांना शेजारी बसवा. एकोणीसशे शहाऐंशीमध्ये कुठल्या तारेला गाठ मारली होती, ते त्यांना अजून आठवत असण्याची बरीच शक्यता आहे.